बापाच्या वयाचा हिशेब मांडणारे हॉल्डेन

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८१९ साली जन्मली, तेव्हा तिचे वडील, केंटचे ड्यूक एडवर्ड, ५१ वर्षांचे होते. व्हिक्टोरियाला पुढे नऊ मुले झाली. त्यांतला लिओपोल्ड हा मुलगा हिमोफिलियाचा रुग्ण निघाला. रक्त न गोठण्याचा हा आजार. एकदा पडण्याचे निमित्त झाले आणि वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी तो गेला. राणीच्या दोन मुली स्वतः धडधाकट होत्या, पण त्यांच्यामार्फत हाच दोष युरोपातल्या दुसऱ्या राजघराण्यांत पोहोचला. रशियाच्या झारचा एकुलता एक मुलगा अलेक्सी हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण. गंमत अशी, की व्हिक्टोरियाच्या आधी तिच्या आईकडे किंवा वडिलांकडे कुणालाही हा आजार असल्याची नोंद सापडत नाही. मग तो आला कुठून?

१९३०च्या दशकात एका ब्रिटिश शास्त्रज्ञाने या प्रश्नाचे बेधडक उत्तर दिले. आजार कुठून आला नाही, तो नव्याने तयार झाला. आणि तयार होण्याची सर्वांत संभाव्य जागा म्हणजे ड्यूकसाहेबांच्या वृषणातली एखादी पेशी. राजघराण्याबद्दल असे लिहिणे त्या काळी उद्धटपणाचेच होते. पण जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन या माणसाला उद्धटपणाचे वावडे कधीच नव्हते.

वाढत्या वयाचा पुरुषाच्या बीजावर काय परिणाम होतो, ही चर्चा आज वंध्यत्व चिकित्सेच्या प्रत्येक दवाखान्यात होते. त्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक, वयाबरोबर शुक्राणूंच्या डीएनएत साठत जाणारे बदल. दुसरी, ऑक्सिजनच्या उपद्व्यापी रूपांमुळे शुक्राणूंना होणारी इजा, म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हॉल्डेन यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी आल्या. पहिली त्यांनी कागदावर गणिताने शोधली. दुसरीचे मूळ, म्हणजे ऑक्सिजनचे विषारीपण, त्यांनी स्वतःच्या मणक्यांवर सोसले. या दोन्ही धाग्यांची गाठ मात्र त्यांच्या मृत्यूनंतर बांधली गेली.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनशास्त्रातले मोठे नाव. खाणी, गटारे, भुयारी रेल्वे, जिथे हवा खराब असेल तिथे जाऊन ती हुंगायची हा त्यांचा उद्योग, आणि बरोबर मुलगा. लहानपणी कपाळावर जखम झाली तेव्हा रक्त पाहून या पोराने, हे ऑक्सिजनचे हिमोग्लोबिन की कार्बन मोनॉक्साइडचे, असे विचारल्याची गोष्ट सांगितली जाते. ती खरी असो वा रचलेली, घरात बोलणी कसली चालत हे तिच्यावरून कळते. एकदा वडिलांनी त्याला कोळशाच्या खाणीत नेले, छताजवळ उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले मार्क अँटनीचे भाषण म्हणायला लावले. काही ओळींतच पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली होती. तिथे त्याला पुन्हा श्वास घेता येऊ लागला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि छताला साठतो, हा धडा तो जन्मभर विसरला नाही. आजच्या पालकांनी असा प्रयोग केला तर पोलीस घरी येतील.

शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डला झाले. आधी गणित आणि मग ग्रीक-लॅटिन. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. तरी पहिल्या महायुद्धाच्या आधीच धाकटी बहीण नेओमी हिच्याबरोबर घरामागच्या अंगणात गिनीपिग पाळून आनुवंशिकतेचे प्रयोग सुरू झाले होते. ही नेओमी मिचिसन पुढे नामवंत लेखिका झाली. सस्तन प्राण्यांत दोन जनुके जोडीने वारशात उतरतात, हे उंदरांवरील निरीक्षणांतून दाखवणारा भावंडांचा लेख १९१५ साली छापून आला. त्याचा तिसरा लेखक तोवर युद्धात मारला गेला होता, आणि हॉल्डेन स्वतः फ्रान्समध्ये आघाडीवर होते. त्याच वर्षी जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. वडिलांनी मुलाला आघाडीवरून बोलावून घेतले आणि मुखवट्यांची परीक्षा घेण्यासाठी दोघे क्लोरीन भरलेल्या कोठीत शिरले. पुढे मेसोपोटेमियात जखमी होऊन हॉल्डेन उपचारांसाठी भारतात आले. हा देश त्यांच्या मनात राहिला.

युद्धानंतर १९२३ साली ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. रक्ताची आम्लता वाढली की शरीर काय करते हे पाहण्यासाठी अमोनियम क्लोराइड पिणे, दिवसचे दिवस धापा टाकत राहणे, हे तिथले नित्याचे. प्राण्याला डोके दुखते की नाही ते सांगता येत नाही, माणसाला येते, म्हणून प्रयोगाचा प्राणी स्वतःच व्हावे, हा त्यांचा साधा तर्क. त्याच वर्षी दिलेल्या आणि पुढे ‘डेडालस’ नावाने पुस्तकरूपात आलेल्या व्याख्यानात त्यांनी गर्भाशयाबाहेर वाढवलेल्या मुलांची कल्पना मांडली आणि सभ्य समाजाला धक्का दिला. दुसरा धक्का घरचा होता. शार्लट बर्जेस या विवाहित पत्रकार स्त्रीशी त्यांचे प्रेम जमले, तिच्या घटस्फोटाचा खटला कोर्टात गाजला आणि विद्यापीठाने अनैतिक वर्तनाबद्दल त्यांना काढून टाकले. हॉल्डेन भांडले, अपील जिंकले, नोकरी परत मिळवली आणि १९२६ साली शार्लटशी लग्न केले.

हिमोफिलियाचा हिशेब लंडनमध्ये सुरू झाला. १९३३ साली ते युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे दोन एक्स, पुरुषाकडे एकच. स्त्रीच्या एका एक्सवर दोष असला तरी दुसरा काम निभावतो, ती फक्त वाहक राहते. पुरुषाकडे राखीव प्रत नसल्याने तो आजारी पडतो. म्हणजे समाजातल्या सगळ्या एक्स गुणसूत्रांपैकी दोन-तृतीयांश स्त्रियांकडे आणि एक-तृतीयांश पुरुषांकडे. त्या काळी हिमोफिलियाचे बहुतेक मुलगे लग्नाच्या वयापर्यंत पोहोचत नसत. त्यांच्याबरोबर त्यांच्याकडचे सदोष जनुकही संपे. याचा अर्थ, दर पिढीत या जनुकाचा सुमारे एक-तृतीयांश साठा नाहीसा होत होता.

तळाला भोक असलेल्या हौदासारखी ही स्थिती. हौद पिढ्यान्‌पिढ्या गळतो आहे, तरी पाण्याची पातळी खाली जात नाही. म्हणजे कुठून तरी तेवढेच नवे पाणी येत असले पाहिजे. हे नवे पाणी म्हणजे उत्परिवर्तन, जनुकात अचानक होणारा बदल. लंडनमधील रुग्णांचे प्रमाण हाताशी होते. गळती किती हे ठाऊक होते. म्हणून आवक किती हे काढता आले. उत्तर आले, दर पिढीत साधारण ५०,००० एक्स गुणसूत्रांमागे एक. १९३५ साली छापलेला हा आकडा म्हणजे माणसाच्या एखाद्या जनुकात किती वेगाने बदल होतात याचा पहिला अंदाज होता. डीएनएची रचना कळायला अजून १८ वर्षे होती. सूक्ष्मदर्शक नाही, परीक्षानळी नाही, केवळ रुग्णांची संख्या आणि त्रैराशिकाच्या पलीकडे फारसे न जाणारे गणित. १९३७ साली ज्युलिया बेल या सहकारी संशोधिकेबरोबर त्यांनी हिमोफिलिया आणि रंगांधळेपणाची जनुके एक्स गुणसूत्रावर शेजारी असल्याचे दाखवले. व्हिक्टोरियाच्या वडिलांवर बोट ठेवणारे लेखन याच सुमाराचे.

तेवढ्यात हवेने त्यांना परत बोलावले. १ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळ चाचणीच्या वेळी बुडाली. आतल्या १०३ जणांपैकी चौघे वाचले. मृतांत जहाजबांधणीचे कामगारही होते, त्यामुळे कामगार संघटनांनी हॉल्डेन यांना तपासासाठी बोलावले. स्पेनच्या यादवी युद्धात लढलेल्या काही साथीदारांना घेऊन ते बंद पोलादी कोठीत बसले आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला की माणसाचे काय होते हे तासन्‌तास नोंदवत राहिले. मग नौदलासाठी काम सुरू झाले. कोठीतला दाब वाढवायचा, शुद्ध ऑक्सिजन हुंगायचा आणि किती मिनिटांनी शरीर बंड करते ते पाहायचे.

जास्त दाबाचा ऑक्सिजन प्राण्यांना आकडी आणतो हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालीच दाखवले होते. पण युद्धात पाण्याखाली जाणाऱ्या सैनिकांसाठी माणसाची मर्यादा हवी होती. हॉल्डेन आणि त्यांची विद्यार्थिनी हेलन स्परवे यांनी ती स्वतःवर आजमावली. पुरेशा दाबाखाली ऑक्सिजनला चक्क चव येते, असेही हॉल्डेन यांच्या ध्यानात आले. दोघांनाही आकड्या आल्या. अशाच एका झटक्यात हॉल्डेन यांच्या पाठीचे मणके दुखावले आणि ते दुखणे त्यांना आयुष्यभर पुरले. जो वायू नसेल तर माणूस काही मिनिटांत मरतो, तोच जास्त झाला की मज्जासंस्थेला असे का छळतो, हे कोडे तेव्हा सुटले नव्हते.

याच युद्धवर्षांत अमेरिकेत, हॉल्डेन यांच्या कामाशी काही संबंध नसताना, एक लहानसा प्रयोग झाला. जॉन मॅकलाउड या संशोधकाने मानवी शुक्राणू भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवले. ते तरतरीत होण्याऐवजी मंदावले आणि थांबले. मात्र त्या द्रवात कॅटलेज हे विकर घातले की ते टिकत. कॅटलेज हायड्रोजन पेरॉक्साइड मोडून टाकते. म्हणजे ऑक्सिजन वापरताना शुक्राणूच हायड्रोजन पेरॉक्साइड बनवत होते आणि त्यातच गारद होत होते. १९४३ सालचा हा निबंध कितीतरी वर्षे दुर्लक्षित राहिला. १९५४ साली रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनात जन्मलेल्या संशोधिकेने सहकाऱ्यांसह, दाबाखालच्या ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांच्या मुळाशी एकच यंत्रणा, म्हणजे फ्री रॅडिकल्स, असल्याचे मांडले. दोनच वर्षांनी डेनम हार्मन यांनी म्हातारपणाचे खापरही याच कणांवर फोडले.

शुक्राणूला हा मार जास्त का लागतो, हे त्याच्या बांधणीत आहे. पोहण्यासाठी लागणारी ऊर्जा तो मानेजवळच्या मायटोकॉन्ड्रियांत तयार करतो आणि तिथूनच ऑक्सिजनचे उपद्व्यापी रेणू सुटतात. त्याचे आवरण लवचीक असावे लागते, म्हणून त्यात असंतृप्त मेदाम्ले खच्चून भरलेली असतात. जवसाचे तेल उघडे राहिले की लवकर खवट होते, ते अशाच मेदाम्लांमुळे. शिवाय हलके होण्यासाठी शुक्राणूने पेशीतला बहुतेक द्रव टाकून दिलेला असतो; त्याबरोबर बचावाची विकरेही जातात. डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो हा एक आडोसा, पण तुटला तर दुरुस्त करायची सोय पक्व शुक्राणूत नाही. ते काम फलनानंतर स्त्रीबीजाला करावे लागते. आणि तरीही ऑक्सिजनचे हे रेणू पूर्ण नाहीसे करून चालत नाही, कारण स्त्रीबीजाशी मीलन होण्याची तयारी शुक्राणू त्यांच्याच थोड्या मात्रेच्या इशाऱ्यावर करतो.

युद्ध संपले, शार्लटशी घटस्फोट झाला आणि १९४५ साली हॉल्डेन यांनी हेलनशी लग्न केले. मग ते हिमोफिलियाकडे परतले. १९३५च्या हिशेबात एक प्रश्न उरला होता. नवे बदल आईच्या बीजात जास्त होतात की बापाच्या? थेट पाहण्याचा मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी आडवाट धरली. बदल दोन्हीकडे सारखे होत असतील, तर साधारण एक-तृतीयांश रुग्ण मुलांच्या आया वाहक नसाव्यात. दोष त्या एका स्त्रीबीजातच नव्याने आलेला असावा. पण बदल मुख्यतः पुरुषात होत असतील, तर दोषाचा प्रवास वेगळा असतो. बाप आपला एक्स मुलाला देत नाही, मुलीला देतो. मुलगी धडधाकट जन्मते, वाहक होते, आणि आजार उघडा पडतो तो नातवात. म्हणजे तेव्हा जवळजवळ प्रत्येक रुग्ण मुलाची आई वाहक असली पाहिजे. युरोपातल्या कुटुंबांच्या वंशावळी तपासल्यावर कौल दुसऱ्या बाजूने पडला. १९४७ साली हॉल्डेन यांनी लिहिले, की या जनुकातले बदल पुरुषांत स्त्रियांच्या सुमारे दहापट होत असावेत.

या निष्कर्षाचा अर्थ हिमोफिलियाच्या घरांत फार मोठा होता. आजारी मुलाच्या आईकडे बोट दाखवण्याची पद्धत तिकडेही होती, इकडेही आहे. वाहक ती असते, हे खरेच. पण तिच्याकडे आलेला दोष बहुधा तिच्या बापाच्या, आजोबाच्या किंवा त्याही आधीच्या एखाद्या पुरुषाच्या वृषणात जन्मला होता, आणि तो पुरुष निरोगी म्हणून जगून गेला होता.

असे का व्हावे, याचे एक कारण हॉल्डेन यांनी सुचवले. मुलगी जन्मते तेव्हाच तिची बीजे बहुतांशी तयार असतात. पेशीविभाजनाचे काम तिथे आटोपलेले असते. पुरुषात शुक्राणू बनवणाऱ्या मूळ पेशी वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत विभागत राहतात. प्रत्येक विभाजनात सगळ्या जनुकांची नक्कल होते, आणि नक्कल करणारा कधीतरी चुकतोच. प्रत्येक शुक्राणू ताजा असतो, अडीच महिन्यांच्या आसपास तयार झालेला. पण ज्या पेशीपासून तो बनला ती त्या पुरुषाइतकीच जुनी. ढोबळ अंदाजाने विसाव्या वर्षीच्या शुक्राणूमागे १५० विभाजने असतात, पन्नाशीत ८०० हून अधिक.

या तर्कातून पुढची पायरी सरळ निघते. बाप जितका वयस्कर, तितके नवे बदल जास्त. विल्हेल्म वाइनबर्ग या जर्मन डॉक्टरला १९१२ सालीच दिसले होते, की अकॉन्ड्रोप्लेजिया या खुजेपणाच्या विकाराची मुले भावंडांत शेवटी जन्मलेली जास्त असतात. हॉल्डेन यांचे युनिव्हर्सिटी कॉलेजातले सहकारी लायनेल पेनरोज यांनी १९३३ साली डाउन सिंड्रोमचा संबंध आईच्या वयाशी असल्याचे दाखवले होते. १९५५ साली त्यांनीच अकॉन्ड्रोप्लेजियाचा संबंध बापाच्या वयाशी जोडला. पक्का पुरावा यायला आणखी अर्धशतक लागले. आइसलँडमधील आई, बाप आणि मूल अशा ७८ त्रिकुटांचा संपूर्ण डीएनए वाचून २०१२ साली हिशेब प्रसिद्ध झाला. बापाच्या वयाचे एक वर्ष वाढले की मुलात सुमारे दोन नवे बदल वाढतात. विशीतला बाप सरासरी २५ नवे बदल देतो, चाळिशीतला ६५. आईकडून येणारे सुमारे १५. तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात हे फारच थोडे, आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. म्हणून चाळिशीत बाप झालेल्यांनी धास्तावण्याचे कारण नाही. एकेका विकाराचा धोका वाढला तरी मुळात तो फार लहान असतो.

हॉल्डेन यांच्या गणितातली एक बाजू मात्र नंतर दुरुस्त करावी लागली. त्यांच्या काळी हिमोफिलियाचे दोन वेगळे प्रकार आहेत हे माहीत नव्हते. ते १९५२ साली कळले. आणि १९९३ साली असे आढळले, की नेहमीच्या ‘ए’ प्रकारातील तीव्र रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत दोष नक्कलचुकीचा नसतो; जनुकाचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला असतो. तो उलटतो तोही जवळजवळ नेहमी पुरुषातच, कारण तिथे एक्सला जोडीदार नसतो आणि तो स्वतःवरच दुमडू शकतो. म्हणजे पुरुषाकडे बोट दाखवण्यात हॉल्डेन बरोबर होते, कारणात अर्धेच. व्हिक्टोरियाच्या घराण्याचे काय? झारच्या कुटुंबाच्या अस्थींतील डीएनए तपासून २००९ साली कळले, की तो दुर्मीळ ‘बी’ प्रकार होता आणि दोष एका अक्षराच्या बदलाचा होता. ड्यूकसाहेबांवरचा संशय त्यामुळे कमी झाला नाही, उलट थोडा वाढलाच.

अलीकडे आणखी एक शंका पुढे आली आहे. विभाजनांची संख्या वयाबरोबर ज्या पटीत वाढते, त्या पटीत बदल वाढत नाहीत. त्यामुळे नक्कल करतानाच्या चुकांइतकीच, दोन विभाजनांच्या मधल्या काळात डीएनएला होणारी इजाही महत्त्वाची असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. या इजेचे एक मोठे कारण ऑक्सिजनचे तेच रेणू. वय वाढते तसे वीर्याचे प्रमाण आणि शुक्राणूंची चाल मंदावते, त्यांच्या डीएनएत तुकडे पडण्याचे प्रमाण वाढते. तंबाखू, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, जंतुसंसर्ग, लठ्ठपणा यांनी त्यात भर पडते, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. गोळ्यांचे मात्र तितके खरे नाही. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या औषधाच्या दुकानांत खपतात भरपूर. पण २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत त्यांचा उपयोग दिसला नाही. त्यांतल्या मोठ्या चाचणीत २,३७० पुरुषांपैकी निम्म्यांना फॉलिक ॲसिड आणि झिंक दिले होते. मुले होण्याचे प्रमाण वाढले नाही आणि डीएनएचे तुकडे किंचित जास्तच आढळले. तपासणी न करता, डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने या गोळ्या घेत राहण्यात पैशाखेरीज वेळही जातो, आणि पस्तिशी-चाळिशीच्या जोडप्याकडे नेमका तोच कमी असतो.

हॉल्डेन यांच्या चरित्रात एक डाग आहे आणि तो झाकू नये. ते कम्युनिस्ट होते. ‘डेली वर्कर’ या पक्षाच्या दैनिकात त्यांनी विज्ञानावर तीनशेहून अधिक लेख लिहिले. अवघड विषय कामगाराला समजेल असा सांगण्यात त्यांचा हात धरणारे त्या काळी थोडे होते. पण सोव्हिएत रशियात लायसेन्को यांनी जनुकशास्त्रच मोडीत काढले, हॉल्डेन यांचे परिचित निकोलाय वाव्हिलोव्ह तुरुंगात १९४३ साली मेले, तरी हॉल्डेन वर्षानुवर्षे गुळमुळीत बोलत राहिले. पेशीतला बदल आकड्यांनी पकडणाऱ्या माणसाला हे कळत नव्हते असे म्हणता येत नाही. १९५०च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, तेही गाजावाजा न करता.

१९५७ साली हॉल्डेन आणि हेलन इंग्लंड सोडून कोलकात्याला आले. सुवेझवर ब्रिटनने केलेल्या हल्ल्याचा निषेध हे जाहीर कारण; पण उन्हाची, उघड्या पायांनी चालण्याची आणि मोकळेपणाने काम करण्याची ओढही होतीच. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये ते रुजू झाले. कुर्ता-धोतर घालू लागले, मांसाहार सोडला, भारतीय नागरिकत्व घेतले. महागडी यंत्रे नसली तरी विज्ञान होते, यावर त्यांचा विश्वास होता; तरुण सहकाऱ्यांना ते फुलांच्या पाकळ्या मोजायला, नारळाच्या झावळ्या डावीकडे वळतात की उजवीकडे ते पाहायला लावत. हिमोफिलियाचा हिशेबही त्यांनी असाच, मोजणीच्या बळावर केला होता. १९६१ साली मतभेदांतून त्यांनी ती संस्था सोडली आणि पुढच्या वर्षी ओडिशा सरकारच्या साहाय्याने भुवनेश्वरला आनुवंशिकतेची प्रयोगशाळा उभारायला घेतली.

दोन लग्ने झाली, पण हॉल्डेन यांना स्वतःचे मूल झाले नाही. शार्लटचा पहिल्या लग्नाचा मुलगा त्यांच्या घरात वाढला.

१९६३च्या अखेरीस गुदाशयाच्या कॅन्सरचे निदान झाले. लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि खाटेवर पडल्यापडल्या त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहिली. रक्त दिसले की लाजू नका, लवकर डॉक्टर गाठा, असा तिचा एकूण रोख होता. ब्रिटिश साप्ताहिकात ती छापून आल्यावर काहींना हसू आले, काहींना राग. आजार उलटला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. देहावर जिवंतपणी इतके प्रयोग झालेच आहेत, तर मेल्यावरही तो कुणाच्या उपयोगी पडावा, अशी व्यवस्था त्यांनी आधीच करून ठेवली होती. त्याप्रमाणे त्यांचा देह काकीनाडाच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाकडे विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी गेला.